अज्र आणि उजरत

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीह संपवून मशिदीच्या पायरीवर चपला शोधत होतो. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग, माझ्या वडिलांचे दोस्त, काठी टेकत जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ऐकतो ते खरे काय? अम्मासाठी बाई ठेवलीस?"

मी म्हटले, "होय चाचा."

"पगारावर?"

"पगारावर."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन मुलगे असताना?" आणि काठी टेकत अंधारात निघून गेले.

माझ्याकडे उत्तर नव्हते असे नाही. उत्तरे पुष्कळ होती आणि घरी पोचेपर्यंत ती सगळी मी मनातल्या मनात त्यांना सुनावली. नोकरी आहे, बायकोची तब्येत आहे, भाऊ परदेशात आहेत. घरी येऊन अम्माच्या खोलीत डोकावलो. बाई तिच्या पायांना तेल लावत होत्या, अम्मा डोळे मिटून पडली होती. तेव्हा लक्षात आले की माझी सगळी उत्तरे म्हणजे सबबी होत्या. सबबी खऱ्या असू शकतात, तरी त्या सबबीच. आई-बापाची खिदमत हा औलादीचा फर्ज आहे असे मी वर्गात मुलांना शिकवतो. हा फर्ज पैसे देऊन दुसऱ्याच्या हातून अदा करता येतो काय? आणि येत असेल, तर त्या दुसऱ्या माणसाचे आपल्यावर काय हक्क लागू होतात? पहिला प्रश्न मला चाचांनी विचारला. दुसरा कोणीच विचारला नाही. तो मला ज्या रीतीने सुचला ते सांगायला आजही जड जाते. पण त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

आम्ही देवगड तालुक्यातले. खाडीकाठी घर, मागे वडिलांनी लावलेली हापूसची थोडी कलमे. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात अम्माला अर्धांगवायूचा झटका आला. देवगडचे ग्रामीण रुग्णालय, तेथून कणकवली, तेथून गोव्याला बांबोळी, असा आमच्याकडच्या गंभीर पेशंटचा जो ठरलेला रस्ता आहे तोच आम्ही धरला. जीव वाचला. डावी बाजू गेली. बोलणे राहिले, पण तुटक. घरी सोडताना डॉक्टरांनी समजावले की दर दोन तासांनी कूस बदला, नाही तर पाठीला जखमा होतील. भरवताना टेकून बसवा, आडवे ठेवून पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. डावा हात, डावा पाय रोज हलवा, नाही तर सांधे आखडतील. अंथरूण ओले राहू देऊ नका. सांगायला त्यांना तीन मिनिटे लागली. करायला चोवीस तास लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चोवीस.

हे तास कोणी दिले? एक भाऊ कुवेतला, दुसरा दोह्याला. बहीण राजापूरकडे दिलेली, तिच्याही घरी सासरे आजारी. मी सकाळी शाळेला जायचो, संध्याकाळी यायचो, हातपाय धुऊन अम्माच्या उशाशी बसायचो, तिचा हात हातात घ्यायचो, दोन गोष्टी सांगायचो. तेवढ्यात कोणी विचारपूस करायला आले तर बघायचे आणि बाहेर जाऊन सांगायचे, "मास्तर अम्माची किती खिदमत करतो!" मी ते ऐकून घेत असे. दिवसभर कूस बदलणारी, कपडे धुणारी, रात्री दोनदा उठणारी माझी बायको त्या वेळी पाहुण्यांसाठी चहा टाकत असे.

सहा महिन्यांनी तिच्या कमरेने दगा दिला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलायचे नाही असे बजावले. त्या रात्री ती मला म्हणाली, "खिदमत मी करते, सवाब तुमच्या नावावर जातो. जाऊ दे. पण आता माझ्याने उचलवत नाही." तिने हे रागाने म्हटले असते तर मला भांडता आले असते.

आपल्या समाजात एक गोष्ट फार सोयीने विसरली जाते. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक सगळे शाफई मजहबाचे. नमाजमध्ये हात कोठे बांधायचे, आमीन मोठ्याने म्हणायचे की मनात, यावर आमच्याकडे तास तास चर्चा होते. पण त्याच मजहबाच्या किताबांत असे लिहिले आहे की घरकाम हा बायकोवरचा फर्ज नाही. तेराव्या शतकातले इमाम नववी यांच्या 'मिन्हाज'मध्ये तर ज्या स्त्रीला माहेरी नोकराची सवय आहे तिला नोकर पुरवणे नवऱ्यावर आहे. स्वतःच्या घरच्या कामाची ही तऱ्हा, मग सासूच्या खिदमतीचे काय? सुनेने ती प्रेमाने केली तर तो तिचा एहसान. फर्ज मुलाचा आहे. म्हणजे चाचा ज्याला 'तीन मुलगे असताना' म्हणाले, त्या तीन मुलांनी सहा महिने एक माणूस कामाला लावलेच होते. फक्त ते फुकट होते आणि घरचे होते, म्हणून कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही. बाहेरची बाई पगारावर आली तेव्हा फर्जची आठवण झाली.

बाई मिळणे मात्र सोपे नव्हते. मुंबई-पुण्यात वर्तमानपत्र उघडले की आया ब्युरोच्या जाहिराती दिसतात. आमच्याकडे तसे काही नाही, आणि माणसेही नाहीत. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ भरली. सारा देश वाढत असताना आमचा जिल्हा घटला. हजार पुरुषांमागे १,०३६ बायका, म्हणजे पुरुष बाहेर गेलेले. आता मुलीही जातात, आणि का जाऊ नयेत? मागे उरतात ती म्हातारी माणसे, ज्यांना सांभाळायला माणूस हवे, आणि सांभाळू शकणारे माणूस मुंबईत किंवा गोव्यात दुसऱ्याच कोणाला सांभाळत असते. आंब्याच्या बागा राखायला आम्ही नेपाळहून माणसे आणतो. कलमांखाली खोपटात राहणाऱ्या त्या राखणदाराच्या आईला डोंगरातल्या गावी पाणी कोण देत असेल, हे आंब्याची पेटी भरताना कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते.

आधी एका शहरातल्या ब्युरोला फोन केला. त्यांनी महिन्याच्या पगाराइतके कमिशन आधी घेतले आणि 'ट्रेन केलेली' बाई पाठवतो म्हणाले. एसटीतून उतरली ती एकोणीस वर्षांची पोर. लहान मूल सांभाळायचे आहे असे तिला सांगितले होते. अम्माला कुशीवर वळवताना तिचे हात थरथरत होते. तिसऱ्या रात्री ती पडवीत बसून रडली. चौथ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिले. पैसे परत मिळाले नाहीत, पण मला राग त्या पैशांपेक्षा या गोष्टीचा आला की तिलाही फसवले होते आणि आम्हालाही, आणि दोघांच्या फसण्यावर तिसऱ्याचा धंदा चालला होता. नर्स वेगळी, आया वेगळी, हे तेव्हा कळले. नर्सचे रीतसर शिक्षण असते, ती इंजेक्शन देऊ शकते, नळी बदलू शकते. आयाचे काम अंग पुसणे, भरवणे, उठवणे-बसवणे. जाहिरात करणारे दोन्ही एकाच शब्दात विकतात आणि घेणाराही स्वस्तात पडते म्हणून आयाकडून नर्सचे काम करून घेतो. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी एवढे तरी आधी विचारून घ्यावे.

शेवटी आमच्याकडे माणूस सापडतो तो ओळखीच्या ओळखीने. गावातल्या आशाताईंनी सांगितले की पलीकडच्या वाडीत एक बाई आहेत, नवरा वारला, मुलगा गोव्यात हॉटेलात, त्यांनी स्वतःच्या सासूचे चार वर्षे केले आहे. मी त्यांना बोलावले. वय पन्नाशीचे. मी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, पूर्वी कोठे काम केले ते विचारले, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी लागेल म्हटले. त्यांनी सगळ्याला मान हलवली. मग त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. मी झोपायचे कोठे? पगार कुठल्या दिवशी? आणि तिसरा प्रश्न, "चाची बोलतत मां?"

मी त्यांच्या इमानदारीची चौकशी करत होतो. त्या ज्या माणसापाशी रात्रंदिवस बसायचे ते बोलते की नाही, हे विचारत होत्या. झोपायची जागा दाखवली. पगाराचे म्हटले, "माझा पगार झाला की." वहीच्या पानावर अटी लिहिल्या. महिना तेरा हजार, महिन्याला चार सुट्ट्या, गणपतीत पाच दिवस, जेवण आमच्याकडे, स्वयंपाक आणि भांडी त्यांनी करायची नाहीत. दोघांनी सही केली. मला स्वतःचेच कौतुक वाटले.

व्हिडिओ कॉलवर भावांना सांगितले तेव्हा धाकटा उखडला. "गैर बाई आपल्या अम्माला हात लावणार? इथे अरबांच्या घरी हेच बघतो मी. म्हातारे नोकरांच्या हवाली!" तो कुवेतला एका घरी ड्रायव्हर आहे. त्या घरात एक म्हातारा आहे आणि त्याला सांभाळायला श्रीलंकेची बाई आहे. मी विचारले, "तो म्हातारा बोलतो कोणाशी?" भाऊ थोडा थांबून म्हणाला, "तिच्याशीच." मग म्हणाला, "महिन्याला किती पाठवू?"

'गैर' म्हणजे काय, हेही जाता जाता सांगतो. बाई हिंदू आहेत. त्यांच्या वाडीत काहीजणांनी नाक मुरडले, आमच्या मोहल्ल्यातही मुरडले. पहिल्या आठवड्यात अम्माने तुटक शब्दांत त्यांना तयम्मुमचे समजावले. आमच्या मजहबात त्याला धूळ असलेली माती लागते, नुसत्या दगडावर हात मारून भागत नाही. तेव्हापासून कलमांखालची सुकी माती चाळून त्यांनी एका ताटलीत झाकून ठेवलेली असते. अजान ऐकू आली की ताटली पुढे करतात. "चाची, बांग झाली." मी घरात असलो आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसलो असलो तर ती बांग मलाही असते.

आता मूळ सवाल. मी उर्दू शाळेत शिकवतो, शब्दांच्या मुळाशी जायची खोड आहे. 'अज्र' म्हणजे नेक कामाचा मोबदला, जो अल्लाहकडून मिळतो. 'उजरत' म्हणजे कामाची मजुरी. दोन्ही एकाच धातूतून निघालेले शब्द. आपण मात्र त्यांची वाटणी करून टाकली आहे. मुलगा करतो त्याला अज्र, बाई करते तिला उजरत. मुलाचे ते पाक काम, बाईचा तो धंदा. ज्याने पैसे घेतले त्याचा सवाब संपला, असे आपण सहज बोलून जातो.

कुरआन अशी वाटणी करत नाही. सूरह बकराच्या २३३व्या आयतमध्ये मुलाला दुसऱ्या बाईकडून दूध पाजून घ्यायला मुभा दिली आहे, मात्र ठरले ते रीतसर चुकते करा या अटीवर. सूरह तलाकच्या ६व्या आयतमध्ये तर तलाक दिलेली आई तुमच्याच मुलाला दूध पाजत असेल तर तिलाही तिची उजरत द्या, असे सांगितले आहे, आणि तिथला शब्द याच धातूचा आहे. आईचे स्वतःच्या मुलाला पाजलेले दूध! त्याची मजुरी घेतल्याने ते आईचे दूध राहत नाही, असे कोणी म्हणेल काय?

आणि हजरत हलीमा? बनू साद कबिल्याच्या बाया मक्केत दूधपित्या मुलांच्या शोधात येत, तो त्यांच्या रोजीचा भाग होता. यतीम मुलाला घ्यायला त्या कचरत होत्या, कारण देणे-घेणे बापाकडून व्हायचे. हलीमांनीही ते मूल आधी नाकारले आणि दुसरे मिळेना तेव्हा घेतले, असे सीरतच्या किताबांत नमूद आहे. म्हणजे सुरुवात हिशेबापासून झाली. पुढे रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्या वालिदा ते सहा वर्षांचे असतानाच गेल्या. म्हाताऱ्या आईची खिदमत करण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. मोठेपणी त्यांनी आईचा मान दिल्याचा जो प्रसंग सांगितला जातो तो हलीमांचा. त्या आल्या तेव्हा त्यांनी आपली चादर त्यांना बसायला अंथरली. मी हा प्रसंग दहा वर्षे मुलांना सांगत आलो. ज्यांच्यासाठी चादर अंथरली गेली त्या उजरतीवर काम करणाऱ्या बाई होत्या, हे माझ्या घरात बाई येईपर्यंत माझ्या डोक्यात आले नव्हते.

मग फर्ज कोणता उरला? सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आई-बापाबद्दल जे आले आहे ते प्रत्येकाला पाठ असते. त्यांना 'उफ' म्हणू नका, झिडकारू नका, नरमाईने बोला. तेथे अंथरूण कोणी बदलावे हे सांगितलेले नाही. जे सांगितले आहे ते जिभेबद्दल आणि चेहऱ्याबद्दल आहे, आणि जीभ व चेहरा भाड्याने मिळत नाही. मी असा विचार केला आणि मला फार बरे वाटले. इतके बरे वाटले की त्याचीच शंका आली. पैसेवाल्याला यापेक्षा सोयीचा तफसीर कोणता? अंग बाईने पुसायचे, गोड बोलायला मी! आणि ज्याच्याकडे तेरा हजार नाहीत त्याने काय करायचे? २००७ साली ज्येष्ठ नागरिकांचा जो कायदा झाला त्यात मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळवून देण्याची सोय आहे. चांगला कायदा आहे. पण न्यायाधिकरण पैसे द्यायला लावू शकते, रात्री दोन वाजता उठायला लावू शकत नाही.

या जागी मला मुंबईच्या केईएम इस्पितळातल्या अरुणा शानबाग आठवतात. त्या तेथेच नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षे त्या खाटेवर होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना या यातनांतून सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्याच निकालाने आपल्या देशात ठरावीक अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी झाली, म्हणून तो गाजला. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. अशा माणसाच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा? न्यायालयाने म्हटले, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. इतकी वर्षे त्यांनी सांभाळले, एकदाही पाठीला जखम होऊ दिली नाही. त्या सगळ्या पगारी बाया होत्या. मूळच्या नर्सा निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिलेही नव्हते त्यांनी त्यांना भरवले. पगाराने त्यांना त्या खोलीत आणले हे खरे. पण जखम न होऊ देणे हे पगाराच्या चिठ्ठीत कोठे लिहिलेले असते?

यातला एक फरक मात्र विसरता येत नाही. केईएमच्या नर्सांना पाळी होती. आठ तासांनी दुसरी यायची. सुट्टी होती, पगाराचा दिवस होता, आजारी पडले तर कोणी तरी उभे राहायचे. आमच्या घरातल्या बाई एकट्या. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी करता येते. मी बाईंचा अर्ज भरून दिला. पण घराच्या चार भिंतींत त्यांचा मालक, मुकादम, निरीक्षक सगळा मीच. आणि मी कसा मालक निघालो ते आता सांगतो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात भावांचे पैसे उशिरा आले. माझाही पगार त्या महिन्यात लांबला होता. शिक्षकांचा पगार आठ दिवस लांबला की स्टाफरूममध्ये काय बोलले जाते ते शिक्षक असलेल्या वाचकांना सांगायला नको. मीही बोललो, घराचे हप्ते कसे भरायचे म्हणून तावातावाने बोललो. बाईंना मात्र म्हटले, "मावशी, जरा थांबा." त्या म्हणाल्या, "बरां." पुढे माझा पगार झाला, हप्ता गेला, मुलाची फी गेली. मग म्हटले भावांचे आले की देऊ. असे करत बारा दिवस गेले. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही हदीस माझ्या वर्गात पुठ्ठ्यावर लिहून लावलेली आहे. अक्षर माझेच आहे.

तेराव्या दिवशी पैसे दिले. त्यानंतर आठवड्याने एका सकाळी वाडीतून निरोप आला. बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तरांनू, माझी आवस पडली. माका आठ दिस व्हयेत."

त्यांची आई जिवंत आहे हेच मला ठाऊक नव्हते. दीड वर्षे त्या माझ्या आईजवळ झोपत होत्या. आणि खरे सांगायचे तर मनात पहिला विचार आला तो त्यांच्या आईचा नव्हता. आठ दिवस इथे कोण करणार, हा होता.

त्या गेल्या. पहिला दिवस बायकोने पट्टा बांधून निभावला. दुसऱ्या रात्री तिला ताप भरला. बहीण तिसऱ्या दिवशी येणार होती. रात्री दोनच्या सुमारास अम्मा कण्हली. अंथरूण ओले झाले होते. मी दिवा लावला, स्वच्छ कपडे घेतले आणि मनात म्हटले, आज खरी खिदमत. चाचांनी पाहायला हवे होते. मी चादर ओढायला लागलो तर अम्माने उजव्या हाताने तिची कड घट्ट धरली. त्या हातात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हते. ती म्हणत होती, "बाई खंय? बाईक बोलव." मी म्हटले, "अम्मा, मी तुझा मुलगा." तिने मान भिंतीकडे फिरवली. मी दिवा मालवला आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात कसेबसे सगळे उरकले. ती रडत होती की नाही ते अंधारात दिसले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने माझ्याकडे पाहिले नाही.

यमनच्या एका माणसाने आईला पाठीवर घेऊन काब्याचा तवाफ केला आणि इब्ने उमर (रजि.) यांना विचारले, मी तिचे ऋण फेडले काय? ते म्हणाले, बाळंतपणातल्या एका कळेइतकेही नाही. ही रिवायत ऐकताना आजवर माझी नजर त्या मुलावर असायची. त्या रात्रीनंतर वाटते, त्या आईला कोणी विचारले होते काय? कदाचित तिला पाठीवर बसायला आवडले असेल. माझ्या अम्माला आवडले नाही. तिला तिचे अंग मुलासमोर नको होते, एका बाईचे हात हवे होते. पगारी असले तरी चालतील, पण बाईचे. मोहल्ला काय म्हणेल आणि माझ्या नावावर किती सवाब जमा होईल, हे तिच्या हिशेबातच नव्हते. आम्ही तिघे भाऊ, चाचा, सगळा मोहल्ला, आम्ही मुलांच्या फर्जवर बोलत होतो. ज्या खाटेवरून हे चालले होते तिच्यावर पडलेल्या माणसाला काय हवे, हे आमच्यापैकी फक्त बाईंनी विचारले होते, तेही पहिल्याच दिवशी. चाची बोलतात ना?

नवव्या दिवशी बाई परत आल्या. अम्माने त्यांचा हात धरून ठेवला. संध्याकाळी मी त्यांना पडवीत बसायला सांगितले आणि आईची चौकशी केली. मनगट मोडले होते, प्लॅस्टर घातले होते. मी विचारले, "तुम्ही इथे, मग त्यांच्याजवळ कोण असते?"

म्हणाल्या, शेजारची एक पोरगी ठेवली आहे, महिना तीन हजार. सकाळी येते, पाणी भरते, भात टाकते, संध्याकाळी जाते. इथे कामाला लागल्यापासून ती आहे.

"मग पडल्या कशा?"

"पोरगी येवची बंद झाली होती. तिका पैशे वेळेर गावाक नाय. तिच्या आवशीन दुसरीकडे लावल्यान. म्हातारी आपणच पाणी आणूक गेली."

त्यांनी हे मला लावून म्हटले नाही. नारळाच्या झापाकडे पाहत म्हटले. मी विचारले, "तिला पगार कधी देता?"

"तुमी दिलास काय, त्याच दिसा."

आत अम्मा त्यांना हाक मारत होती. त्या उठून गेल्या. मी कपाटातून वही काढली आणि सही केलेले ते पान पाहिले. सुट्ट्या लिहिल्या होत्या, जेवण लिहिले होते, भांडी करायची नाहीत हेसुद्धा लिहिले होते. पगाराची तारीख लिहिलेली नव्हती. पेन घेऊन सर्वांत वर 'एक तारीख' असे लिहिले आणि पुन्हा सहीसाठी बाईंना हाक मारणार होतो. पण आत त्या अम्माला भरवत होत्या, म्हणून थांबलो.